लातूरला आधी दिसतं

मालिकेत काहीतरी भयंकर होणार आहे, हे मला नांदेडात बसून आधीच कळायचं. फोनमधून लातूरची माझी मैत्रीण ओरडायची, "अय्यो!" माझ्या टीव्हीवर तेव्हा सासू अजून निवांत तुळशीला पाणी घालत असायची. मी पदर सावरून बसायची. आता येणार काहीतरी. आणि यायचंच. कुणाच्या हातातलं आरतीचं ताट सुटायचं, कुणी जिन्यावरून गडगडायचं, नाहीतर मेला म्हणून दिवस घातलेला दीर दारात उभा राहायचा.

कारण साधं होतं. तिच्या घरी केबल, आणि माझ्या लेकाच्या घरी इंटरनेटवर चालणारा टीव्ही. लेकानं मला समजावून सांगितलं, आई, इंटरनेटवरून चित्र जरा उशिरा पोचतं. का पोचतं ते काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी आपलं एवढंच धरून ठेवलं, की लातूरला आधी दिसतं आणि नांदेडला मागून.

सुरुवातीला मी चिडायची. म्हणायची, "अक्का, तोंड जरा बंद ठेवत जा. पुढचं कळतंय ना मला!"

"मी कुठं काय सांगितलं? नुसतं अय्यो म्हनलं."

"तुझ्या अय्योत सगळं असतं."

ती निलंग्याच्या पलीकडची, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावातली. अय्यो माहेराहून आणलेलं. नवल वाटलं की अय्यो, कीव आली की च्च्‌ च्च्‌ च्च्‌, आणि एखादं माणूस मनातून उतरलं की हॅट्‌. नुसतं हॅट्‌. त्याच्यावर अपील नाही.

आमची ओळख भिंतीची. लातूरला भाड्याच्या दोन खोल्या माझ्या, शेजारच्या दोन तिच्या, आणि मधे एक भिंत. मी जिल्हा परिषदेत टायपिस्ट होते. ती घरी मशीनवर साड्यांना पिको-फॉल करायची. मी सकाळी पर्स अडकवून निघाले की मशीन थांबवून म्हणायची, "निघाली आमची सायबीण." टायपिस्टाला सायबीण म्हणणारी जगात ती एकटीच. ती माझ्याहून थोडी मोठी म्हणून मी अक्का म्हणत आले. पण अगं-तुगंच. तिच्याशी अहो-जाहो करायचं म्हणजे स्वतःच्या हाताला नमस्कार केल्यासारखं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी दुपारच्या खेळाला जायचो. पुरुषांना नाही न्यायचो. तिचे मालक पडदा उजळला की घोरायला लागायचे, आणि माझे मालक सगळा सिनेमाभर विचारायचे, हा कोण, तो कोण. परत येताना गंजगोलाईच्या गोल बाजारातून चालत यायचं आणि चालता चालता सिनेमाचा निकाल लावायचा. घराचं फाटक यायच्या आत निकाल लागला पाहिजे, असा आमचा रिवाज होता. फाटकाच्या आत गेलं की भाकरी, चहा, कुणाचा सदरा, कुणाची गोळी. मग कुठला सिनेमा आणि कुठलं काय. म्हणून निकाल लागला नसला तर आम्ही गोलाईला आणखी एक चक्कर घालायचो. कधी कधी दोन. भाजी घ्यायला गेल्यासारखं करायचं आणि भांडायचं.

आमचं कधी जमलंच नाही. मला रडवणारे सिनेमे आवडायचे. शेवटी सगळे एकमेकांना माफ करतात, म्हातारा बाप लेकाला जवळ घेतो, नवरा बायकोपुढे हात जोडतो, असले. अक्काला तोच शेवट चालायचा नाही.

"तुला रडायला मिळालं की पिच्चर चांगला," ती म्हणायची. "नाक पुसायला पदर लागला की झाली तू खूश."

"मग काय, माणसानं माफच करू नये?"

"करावं की. पन तेनं आधी विचारावं तरी. हितं ढोल वाजला, पाऊस पडला, झालं माफ! हॅट्‌."

आणि साड्या. गरिबाघरची नायिका दाखवली की ही अंधारात मला कोपरानं ढोसायची. "बघ बघ, खायला न्हाई म्हनती अन् साडीला इस्त्री." पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची. मला लाज वाटायची आणि हसूही यायचं.

तिचे मालक आधी गेले, माझे नंतर. मालक गेल्यावर लेक म्हणाला, आई, तू इथं एकटी काय करणार, नांदेडला चल. मी म्हटलं नाही की एकटी कुठं, भिंतीपलीकडं अक्का आहे. असं म्हणता येत नाही. लेकानं बोलावलंय, आणि आपण म्हणायचं शेजारीण सोडवत नाही? लोक हसतील. खोल्या रिकाम्या केल्या. टेंपोत सामान चढवलं तेव्हा अक्का बाहेर आली नाही. मशीन चालल्याचा आवाज येत होता. नंतर मला कळलं, त्या दिवशी मशीनवर साडीच नव्हती.

नांदेडच्या घरात कुणी वाईट नाही. हे मला आधी सांगितलंच पाहिजे, कारण म्हाताऱ्या बायका तोंड उघडायला लागल्या की ऐकणारे सुनेच्या गाऱ्हाण्याची वाट बघतात. माझी सून चांगली आहे. गोळ्या वेळेवर देते, जेवायला हाक मारते. लेक कामावरून येतो, विचारतो, बरी आहेस ना. मी म्हणते, बरी आहे. झालं बोलणं. मग तो मोबाईल बघतो, ती मोबाईल बघते. वाईट असती माणसं तर भांडता तरी आलं असतं.

लेकानं माझ्या खोलीत छोटा टीव्ही लावून दिला. म्हणाला, आई, तुला हवं ते बघ. म्हणजे काय, तर हॉलमधला आमच्यासाठी सोड. मला कळत नाही असं त्याला वाटतं.

सुनेनं मला कॉलनीतल्या बागेतल्या बायकांत नेऊन बसवलं. त्या संध्याकाळी जमतात, हात वर करून हसायचा व्यायाम करतात. हा हा हा, हो हो हो. न हसणारीला म्हणतात, "काहून हसत न्हाई तुम्ही?" मी म्हटलं, "हसण्यासारखं झालं तर हसेन की." एकदा त्यांना विचारलं, मालिका कुठली बघता? एक जण नाक वर करून म्हणाली, "आम्ही नाही बाई बघत तसलं. काही असतं का त्यात?" अगं, काही नसतं म्हणूनच तर बोलायचं असतं! असतं त्यात तर नुसतं बघितलं असतं गप. पण हे तिला कोण सांगणार. कधी गुरुद्वाऱ्याकडं फिरायला गेले, एवढी रोषणाई, देशोदेशीची माणसं, बघून डोळे निवतात. पण बघून झालं की शेजारी वळून "कसं वाटलं गं" विचारायला कुणी नाही. मग घरी येऊन उशीवर डोकं टेकायचं.

म्हणून फोन. सातच्या मालिकेला अक्काचा फोन यायचा, मी तो उशीला टेकवून ठेवायची. ती लातूरला तिच्या खोलीत, मी नांदेडला माझ्या खोलीत. मालिका चालू असताना बोलायचं नाही, जाहिराती लागल्या की बोलायचं, असा नियम तिनंच केलेला आणि तीच मोडायची. माणसांची नावं आम्ही लक्षात ठेवली नाहीत. नायिका नेहमी हिरव्या साडीत, म्हणून ती हिरवी. तिचा नवरा दारातून आत येताना आधी खांदा येतो आणि मागून तो, म्हणून तो खांद्या. खांद्या हिरवीला टाकून दुसरीकडे गेलेला. हिरवीनं एकटीनं खोली घेतली, शिवणकाम धरलं. आणि आता चाललं होतं असं, की खांद्याला पश्चात्ताप होतोय.

मी म्हटलं ना, आधी आधी मला तिच्या अय्योचा राग यायचा. पुढं पुढं तो मला हवासा वाटायला लागला. अंधाऱ्या बोळात एकीनं आधी जाऊन बघून यावं आणि दुसरीला म्हणावं, ये, तसं. ती बघून यायची. मग मी बघायची. घरात लेक-सून असून जे वाटत नव्हतं ते मला त्या आवाजानं वाटायचं. माझ्या पुढं कुणीतरी आहे.

आणि महिन्यातून एकदा अहमदपूर.

हे आमचं गुपित नव्हतं, पण कुणाला नीट समजलंही नाही. नांदेडहून मी एसटीनं निघायची, लातूरहून ती. मधे अहमदपूर. स्टँडवर उतरायचं, बाकावर बसायचं, तिनं आणलेले धपाटे आणि दही खायचं, बाहेरच्या हॉटेलातून चहा आणि चुरमुऱ्यांची सुशीला मागवायची, पोटभर बोलायचं. मग तिची गाडी तिला घेऊन जायची आणि माझी मला. बायांना तिकीट अर्धं झाल्यापासून हे सुचलं. लेक म्हणाला, आई, सरळ लातूरला जा ना त्यांच्या घरी. पण तिच्या घरी गेलं की तिची सून आधी चहा करणार, मग पोहे, मग जेवूनच जा म्हणणार, आणि आम्ही दोघी शहाण्यासारख्या बसून राहणार. ती माझ्याकडे आली तरी तेच. स्टँडवर कुणाची सून नसते.

एकदा कंडक्टरनं विचारलं, "अहमदपूरला लगीन हाय का काकू?"

"न्हाई रे बाबा. गप्पा मारायला चालले."

त्यानं तिकीट फाडून माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं म्हातारी थट्टा करतेय.

शेवटचं गेलो तेव्हा आमचं जोरात भांडण झालं. खांद्या परत येणार हे नक्की झालं होतं. मुद्दा एवढाच, हिरवीनं त्याला घरात घ्यावं की नाही.

मी म्हटलं, "घ्यावं. माणूस चुकतो. एकटीनं किती दिवस काढायचे?"

"एकटीनंच काढले की आत्तापतोर! आता कशाला? शिवनकाम चालू झालं, चार पैसे यायलेत, आता आठवली व्हय बायको?"

"अगं पण म्हातारपणी कोण तिला?"

"न्हाई कोन तर न्हाई. म्हनून काय कुनालाबी घरात घ्यायचं का?" तिनं हातातला धपाटा माझ्या नाकासमोर नाचवला. "तू लई भित्री हायेस सायबीण. एकटं राहायला भितीस म्हनून सगळ्यांना माफ करत सुटतीस."

ते मला लागलं. खरं होतं म्हणून लागलं. मी आवाज चढवला. पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसलेला एक फेटेवाला म्हातारा बराच वेळ ऐकत होता. तो खाकरून म्हणाला, "घरचं मॅटर हाय का काकू? समजुतीनं घ्या."

अक्कानं लगेच त्याला पंच केलं. "तुमीच सांगा दादा. टाकून गेलेला नवरा परत आला तर घ्यावं का?"

म्हातारा गंभीर झाला. पिशवी खाली ठेवली. म्हणाला, "लेकरं हायेत का?"

"एक पोरगी हाय," अक्का म्हणाली.

"दारूबिरू?"

"दारू न्हाई. बाईचा नाद होता. आन् खांदा उडवत चालतो."

म्हातारा विचार करायला लागला, आणि मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला. अक्का मात्र तोंड वाकडं न करता त्याला सगळी मालिका सांगत सुटली, आणि तो मान हलवत राहिला. शेवटी त्याची गाडी लागली. जाता जाता त्यानं मला सांगितलं, "बाई, जावयाला एकदा संधी देऊन बघा." बिचाऱ्याला अजूनही कुणी सांगितलं नसेल.

तिची गाडी माझ्या आधी आली. ती खिडकीशी बसली, काच सरकवली आणि बोट दाखवून म्हणाली, "बघ तू. दार उघडनार न्हाई ती. आन् उघडलं ना, तर त्या दिवशीपासून मी बघायचंच सोडीन."

"बघू," मी म्हटलं. "बघू कोण खरं ठरतं."

गाडी हलली. ती काहीतरी आणखी म्हणाली, ते ऐकू आलं नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यात ते झालं. नेहमीसारखी मालिका चालू होती, फोन उशीला. हिरवी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. फोनमधून आवाज आला, "अय्यो."

नेहमीपेक्षा हळू. पण मी सावरून बसले. म्हटलं, आलं. खांद्या आला वाटतं. मागोमाग भांडं पडल्याचाही आवाज आला. तोही मला मालिकेतलाच वाटला. मी टीव्हीकडं डोळे लावून बसले. हिरवी कणीक मळतच राहिली. मग तिनं कणकेला तेलाचा हात लावला, झाकून ठेवली. खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. जाहिराती लागल्या.

मी म्हणाले, "अक्का, अगं काय झालं? काहीच तर झालं नाही. उगं अय्यो म्हणालीस."

तिच्याकडच्या जाहिराती मला ऐकू येत होत्या. साबणाची, मग तेलाची. ती बोलत नव्हती.

"अक्का, रुसलीस का गं? अगं ए."

आणि मग मला कळलं. ती अय्यो मालिकेला म्हणाली नव्हती. मी इथं बसून तिच्या पडण्याची वाट माझ्या टीव्हीत बघत होते. देवा, कसली ही अक्कल! फोन कापावा तर तिचा हात सुटेल असं वाटायला लागलं. तिची सून पोराला घेऊन माहेरी गेलेली, घरात दुसरं कुणी नव्हतं. फोन तसाच उशीवर ठेवून मी धावत माझ्या सुनेकडं गेले, तिच्या फोनवरून अक्काच्या लेकाच्या दुकानात फोन लावला. "घरी पळ, आई पडलीय," एवढंच बोलता आलं. परत येऊन मी उशीला कान लावून बसले. बऱ्याच वेळानं दार वाजलं, पावलं आली, "आई, आई" ऐकू आलं, आणि कुणीतरी फोन बंद केला.

अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेले. खाटेवर ती केवढीशी दिसत होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. पंख्याकडं बघत होती.

"अक्का, मी आले. सायबीण."

पंख्याकडंच बघत होती. मी तिचा डावा हात धरला. बोटाला मशीनच्या सुईचा जुना डाग होता तो तसाच होता. हात माझ्या हातात नुसता पडून राहिला.

तिचा लेक बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, डॉक्टर म्हनत्यात, कळतं का न्हाई ते सांगता येत न्हाई. आमाला तर काय कळतंय असं वाटत न्हाई. लेकरालाबी वळकत न्हाई." तो रडत होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिच्या सुनेनं केलेला चहा गप पिऊन घेतला. येताना गाडी अहमदपूरला थांबली. चहासाठी सगळे उतरले. मी जागची हलले नाही.

मालिका मी सोडून दिली. सात वाजता टीव्ही बंद करून देवापुढं बसायची. सुनेला वाटलं आई देवाला लागली. देव कुठला, तेवढा वेळ कुठंतरी बघायला पाहिजे म्हणून बघायची.

पुढच्या महिन्यात आमचा दिवस आला आणि मी अहमदपूरला गेले. कशाला ते विचारू नका. धपाटे करून नेले. माझे कधी जमले नाहीत, वातड होतात. तोच कंडक्टर होता. "गप्पा मारायला का काकू?" म्हणाला. मी म्हटलं, "हाव." बाकावर बसले, एक धपाटा अर्धा खाल्ला. समोरून लातूरची गाडी आली, माणसं उतरली, मी एकेकाकडं बघितलं. येणार नाही हे काय मला माहीत नव्हतं? तरी बघितलं. मग नांदेडच्या गाडीत बसले. घरी सांगितलं, गुडघ्याच्या डॉक्टरकडं गर्दी होती.

त्या रात्री मी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या सुनेला फोन केला. म्हटलं, "सात वाजता आईच्या खोलीतला टीव्ही लावत जा. आणि फोन तिच्या उशाला ठेव. माझं एवढं ऐक."

"मावशी, कशाला? त्यांना कळत न्हाई. तुमचाच जीव दुखंल."

"दुखू दे. माझा आहे."

चांगली पोरगी. रोज सातला फोन ठेवायला लागली. मला नुसता तिचा श्वास ऐकू यायचा आणि मागं टीव्ही. जाहिराती लागल्या की मी बोलायची. हिरवीच्या साडीवर बोलायची, सासूच्या नाटकांवर बोलायची. प्रश्न विचारायची आणि उत्तराएवढा वेळ थांबायची. कधी वाटायचं, मी भिंतीशी बोलतेय. मग वाटायचं, आमची ओळखच भिंतीची, त्यात नवीन ते काय. पण खोटं कशाला सांगू, फोन बंद झाल्यावर मी उशीत तोंड घालून रडायची. एक अय्यो नाही. एक च्च्‌ नाही. माझ्या पुढं कुणी नव्हतं. मालिका आता माझ्यापर्यंत नुसती अशीच यायची, कुणी न बघितलेली.

परवा तिची सून अवघडून म्हणाली, "मावशी, एक बोलायचं होतं. उद्यापासून केबल काढतोय. पोराचं दहावीचं वर्ष हाय, आन् तसंबी घरात बघतं कोन? आजचा दिवस ठेवते फोन."

तिचं घर, तिचं लेकरू. आणि खरंच, बघतं कोण? मी म्हटलं, "बरं बाळा."

फोन उशीला ठेवला. माझ्या टीव्हीवर हिरवी कपड्यांच्या घड्या घालत होती. एक घडी, दुसरी घडी. पोरीचा फ्रॉक. घरात दुसरं कुणी नाही, बाहेर काही नाही.

फोनमधून आवाज आला.

"हॅट्‌."

अर्धामुर्धा, एका बाजूनं निसटलेला, शेवटचा ट्‌ नसल्यासारखाच. मी टीव्हीकडं बघितलं. हिरवी फ्रॉकची घडी घालत होती.

तिच्या सुनेचा आवाज आला, "मावशी, ठसका लागला वाटतं त्यांना. फोन ठेवते आता. टीव्हीबी बंद करते."

"बंद करू नको!" मी ओरडले. या घरात आल्यापासून मी कधी आवाज चढवला नव्हता. माझी सून पळत खोलीच्या दारात आली, आई काय झालं, काय झालं म्हणत. मी तिला हातानं थांबवलं. डोळे टीव्हीवरून काढले नाहीत.

हिरवीच्या घराची घंटी वाजली. तिनं घडी खाली ठेवली. मग बाहेरचा जिना दाखवला, अंधार दाखवला, आणि त्या अंधारातून आधी एक खांदा आला.

"काढू नको गं केबल," मी फोनमध्ये म्हणत होते आणि माझ्या तोंडात नाकातलं डोळ्यातलं सगळं येत होतं. "काढू नको. बघतीय ती. अगं, सगळं बघतीय."

"काय बघतीय मावशी?"

काय सांगणार होते मी तिला? लातूरला आधी दिसतं, हे आम्हा दोघींशिवाय कुणाच्या लक्षात होतं? म्हटलं, "केबलचं मी बघते. तू फक्त फोन परत तिच्या उशाला ठेव."

तिनं ठेवला. श्वास ऐकू आला. टीव्हीवर खांद्या दाराबाहेर हात जोडून उभा होता, आणि हिरवीचा हात कडीवर होता. माझ्या जन्मात मी असल्या दारांना उघड म्हणत आलेय. सगळ्या सिनेमांत, सगळ्या बायकांना.

मी फोनजवळ तोंड नेलं. म्हणाले, "अक्का, नको उघडू दे तिला दार."